मंगळवारी येणाऱ्या बाई

बाईंनी माझी मुलाखत घेतली ती लोणावळा स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, उभ्या उभ्या. माझ्या काखेत प्रमाणपत्रांची फाइल होती, भूगोलातली पदव्युत्तर पदवी त्यात सगळ्यात वर होती आणि अंगात आदल्या दिवशी इस्त्री केलेला शर्ट होता. त्यांनी यातल्या एकाही गोष्टीकडे बघितलं नाही.

"कुठून आलास?"

"आंबीहून. तळेगावजवळ."

"माहीत आहे मला आंबी. इथं यायला मंगळवारी किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, लोकल वेळेवर असली तर तास-सव्वा तास.

"आणि रविवारी?"

"रविवारी आमच्याकडचं कुणी लोणावळ्याला येतच नाही."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "उद्यापासून ये," म्हणाल्या. पुढे दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. ती फाइल त्यांनी कधीच मागितली नाही.

काम काय होतं ते सांगतो. पुण्यातल्या एका संस्थेला मावळातली पर्यटनस्थळं तपासायचं काम मिळालं होतं. कुठल्या ठिकाणाला किती पर्यटक झेपतात, तिथलं पाणी, डोंगर आणि माणसं न झिजता हे किती दिवस चालेल, हे बघून प्रत्येक ठिकाणाला गुण द्यायचे. त्या गुणांवरून वरचे लोक ठरवणार की कुठं सोयी वाढवायच्या आणि कुठं आवर घालायचा. संस्थेनं याला 'शाश्वत पर्यटनाचं मूल्यमापन' असं भारदस्त नाव दिलं होतं. बाई 'घराची तब्येत बघणं' म्हणायच्या. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. संस्थेनं त्यांना का निवडलं, तर निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून त्या हेच उद्योग फुकट करत होत्या. लोणावळ्यातल्या त्यांच्या घराच्या खिडकीतून मुख्य रस्ता दिसायचा. दूधवाल्याला गल्लीतून रस्त्यावर सायकल काढायला रोज किती मिनिटं लागतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं वहीत लिहून ठेवलं होतं. दूधवाल्याला याचा पत्ताही नव्हता.

त्यांचा पहिला नियम असा, की कुठल्याही ठिकाणी पहिली भेट मंगळवारी द्यायची. किल्ला असो, लेणी असोत, धरण असो नाहीतर बाजार असो. रविवारी गर्दी बघायला कुणीही जाईल, त्यात काय मोठंसं, असं त्यांचं म्हणणं. "पाहुणे गेल्यावर घर कसं दिसतं ते बघायचं," त्या म्हणायच्या. "सोमवारी घर आवरत असतात, तेव्हा आपण मध्ये लुडबुड करू नये. मंगळवारी बायका दोन शब्द बोलायच्या मनःस्थितीत असतात." मी मनातल्या मनात हसायचो. चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं.

त्या नऊवारीही नेसत नसत आणि पंजाबी ड्रेसही घालत नसत. साधी सुती साडी, त्याखाली पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला शबनम. त्या शबनममध्ये एक ताणकाटा होता. भाजीवाल्याकडे असतो तसा, खाली हूक असलेला. किल्ल्याच्या पायथ्याशी कचऱ्याचं पोतं दिसलं की त्या काटा काढून ते टांगायच्या आणि मला आकडा लिहायला सांगायच्या. लोक बघत राहायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा विसापूरच्या माथ्यावर त्या म्हणाल्या, "आंबीकर, वही मिट. आता दहा मिनिटं आपणही पर्यटक." आंबीकर हे माझं आडनाव नव्हे, पण त्या माणसांना गावावरूनच हाक मारायच्या. आम्ही चिवडा खाल्ला, केळी खाल्ली आणि पवनेच्या पाण्याकडे बघत बसलो. मला वाटलं, बाईंना निसर्गाचं काही आहे तर. दहा मिनिटं संपली. बाईंनी चिवड्याचा कागद आणि केळ्यांची सालं पिशवीत भरली, पिशवी काट्याला टांगली आणि म्हणाल्या, "लिही. पर्यटक दोन." त्या दिवसाच्या तक्त्यात आम्हा दोघांचाही कचरा आहे.

पर्यटकांवर मात्र त्या कधी चिडल्या नाहीत. मी चिडायचो. कुणी गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावली की माझं डोकं सरकायचं. "ते पाहुणे आहेत," बाई शांतपणे म्हणायच्या. "पाहुण्यांना काय मोजायचं? घर मोजायला आलोय आपण."

संस्थेनं दिलेलं प्रपत्र साऱ्या राज्यासाठी एकच होतं. त्यात हॉटेलांच्या खोल्या किती, वाहनतळ किती, असे लांबलचक रकाने होते आणि एक रकाना 'समुद्रकिनाऱ्याची लांबी' असाही होता. लोणावळ्याच्या प्रपत्रात बाईंनी तिथं लिहिलं, 'अद्याप आढळला नाही. शोध चालू आहे.' संस्थेच्या साहेबांचा फोन आला. बाई गंभीरपणे म्हणाल्या, सापडला तर आधी तुम्हालाच कळवीन. पण विनोद संपला की त्या खरंच भांडायच्या. बाजारपेठेच्या गावाला जो प्रश्न विचारायचा तोच वाडीला विचारून कसं चालेल? वाडीत हॉटेलच नाही, म्हणून वाडी नापास करायची का? मग त्यांनी स्वतःचे प्रश्न काढले. लोणावळ्याच्या बाजारात विचारायचं, रविवारी अडल्या बाईला दवाखान्यात न्यायचं झालं तर कुठल्या रस्त्यानं नेता? लेण्यांच्या पायथ्याशी विचारायचं, गुरं आता कुठून चढतात? देवीच्या डोंगराखाली विचारायचं, गावची माणसं स्वतः दर्शनाला कोणत्या वारी जातात? पर्यटनामुळे तुमचा फायदा झाला का, हा प्रपत्रातला प्रश्न त्या विचारायच्याच नाहीत. त्याला सगळे होच म्हणतात, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या घरात पत्र्याच्या एका पेटीत लग्नपत्रिका होत्या. नात्यातल्या नव्हेत. धरणाकडच्या आणि किल्ल्यांखालच्या गावांतून मागून आणलेल्या, जुन्या-नव्या, गणपतीची चित्रं असलेल्या. एका दुपारी त्यांनी त्या माझ्यापुढे जमिनीवर मांडल्या आणि विचारलं, "काय दिसतं?"

मी वधू-वरांची नावं वाचायला लागलो.

"अरे, वार बघ वार."

जुन्या पत्रिकांवर रविवार होता. नव्यांवर बुधवार, गुरुवार. मी म्हटलं, मुहूर्त तसे आले असतील.

"सगळ्याच वर्षी? वऱ्हाड रस्त्यात अडकून पडतं, आंबीकर. नवरदेव मुहूर्ताला पोचत नाही. ज्या गावानं लग्नं रविवारची हलवली, तिथं आपण उशिराच पोचलोय असं समजायचं." मग त्यांनी पत्रिका गोळा करून, गावांप्रमाणे लावून पुन्हा पेटीत ठेवल्या. पेटीवर कुठलीतरी जुनी साडी होती, ती नीट घडी घालून वर ठेवली.

लोकांना त्यांचं काम समजावून सांगणं हे माझ्याकडे असायचं आणि ते काही सोपं नव्हतं. इंदुरीच्या किल्ल्याकडे आम्ही टेप घेऊन उभे होतो, तर शेजारच्या शेतातले एक आबा तरातरा चालत आले. हातात सातबाऱ्याचा उतारा. गावाकडे मोजणी म्हटली की जमिनीचीच.

"बांध हितनं हाय," आबांनी काठीनं दाखवलं. "माझ्या बापाच्या टायमापासनं हितनंच हाय. त्यो शेजारचा दर साली हातभर फुडं सरकतो. लिवा."

मी सांगितलं, "आबा, आम्ही किल्ला बघायला येणारी माणसं मोजतोय."

"मानसं?" आबा बघतच राहिले. "मानसं कशापायी मोजायची? येत्यात आन जात्यात. बांध मोजा की!"

मी हसून टाळणार होतो. बाईंनी माझ्या हातात टेपचं एक टोक दिलं आणि दुसरं स्वतः घेऊन त्या चिखलातून आबांच्या बांधाच्या टोकाला गेल्या. पाऊण तास आम्ही तो बांध मोजला. उताऱ्याशी ताडून बघितला. आबांचं म्हणणं निम्मं खरं निघालं. मग आबांनी आम्हाला गूळ-पाणी दिलं आणि आपण होऊन सांगितलं, की किल्ल्याकडे जाणारे लोक कुठल्या महिन्यात कुणाच्या पिकातून वाट पाडतात. प्रपत्र घेऊन महिनाभर फिरलो असतो तरी ते कळलं नसतं. परतताना बूट झटकत बाई म्हणाल्या, "त्याचं काम आपण केलं, आपलं त्यानं केलं."

हे सगळं मी आज कौतुकानं सांगतोय. तेव्हा मला ते निम्मं वेळखाऊ आणि निम्मं हास्यास्पद वाटायचं. म्हणूनच पुढचं घडलं.

धरणाच्या फुगवट्याकाठी एक वाडी आहे. नाव सांगत नाही, नाव छापलं की गाड्या येतात. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथं शनिवारी-रविवारी पाण्याकाठी तंबू लागतात. वाडी आणि तंबू यांच्या मधोमध मोकळं पटांगण आहे आणि पटांगणाच्या कडेला वाडीची एकुलती एक विहीर. नळ आले होते, नळांना पाणी आलं नव्हतं. सारी वाडी विहिरीवर. वाडीच्या गुणांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा रकाना पाण्याचा होता, आणि तो भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाईंचं त्याच सुमाराला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

एप्रिल होता. मी शुक्रवारी संध्याकाळी गेलो, टेपला दगड बांधून विहिरीत सोडला आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते लिहिलं. रविवारी संध्याकाळी पुन्हा गेलो. पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टेप सोडला. पाणी शुक्रवारपेक्षा चांगलं दोन हात वर आलेलं. मी तीनदा मोजलं, तीनदा तेच. मला इतका आनंद झाला की विचारू नका. सगळे म्हणतात पर्यटकांमुळे पाणी आटतं, आणि माझा टेप सांगत होता की गर्दीच्या दिवशी पाणी वाढतं. मी त्याचं कारणही शोधून काढलं: पर्यटक बाटलीबंद पाणी आणतात. अहवालात झोकात लिहिलं, 'पर्यटनाचा पाणीसाठ्यावर प्रतिकूल परिणाम आढळला नाही.' वाडीला पाण्यात पैकीच्या पैकी गुण.

सहीसाठी अहवाल घेऊन बाईंच्या घरी गेलो. त्या काळा चष्मा लावून पडल्या होत्या. वाचणं बंद होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंगळवारी गेला होतास?"

मी म्हटलं, "शुक्रवारी गेलो आणि रविवारीही गेलो, बाई. दोनदा."

प्रश्नाला हे उत्तर नव्हतं, हे मला बोलतानाच कळत होतं. त्यांनी हात पुढे केला, मी बोट धरून सहीची जागा दाखवली आणि त्यांनी सही केली.

त्या गुणांच्या जोरावर वाडी 'आणखी पर्यटक सामावू शकणारी ठिकाणं' या यादीत गेली. विहिरीलगतच्या पटांगणात मोठा वाहनतळ आणि कायमचे तंबू करायचं ठरलं. तालुक्याला, वडगावला बैठक होऊन त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं तेवढं बाकी होतं.

बाईंच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा उतरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती अहवाल वाचायची. मला बोलावून घेतलं. त्या एका ओळीवर बोट ठेवून त्या बसल्या होत्या.

"एप्रिलात रविवारी विहीर वर येते?"

"हो. मी तीनदा मोजलं."

"मोजलं असशील. उद्या मंगळवार आहे. चल."

वाडीत आम्ही एका मावशींकडे गेलो. साठीच्या, उंच, बोलताना डोक्यावरचा पदर सारखा पुढे ओढायची सवय. दारापासून विहीर शंभर पावलंही नसेल. घरात शिरल्या शिरल्या बाईंनी विहिरीचं नावही काढलं नाही. त्या पडवीतली निळी पिंपं बघत होत्या. एकापुढे एक चार पिंपं, वर हंडे, कळश्या, पातेली, एक जुना कुकरसुद्धा. सगळी पालथी, रिकामी.

"मावशी, विहीर दारात आणि एवढी पिंपं कशाला हो?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि पदर पुढे ओढला. बाई माझ्याकडे वळल्या. "आंबीकर, बाहेर जाऊन म्हशी मोज."

म्हैस एकच होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. पडवीच्या कुडातून सगळं ऐकू येत होतं, आणि बाईंना ते ठाऊक असणार.

"शनवार-ऐतवार आमी हिरीवर जातच न्हाई," मावशी म्हणाल्या. "शुक्करवारी सांजच्याला समद्या बाया भरून ठिवत्यात."

"का?"

"पानी शेंदताना पदर सुटतो, लुगडं गुडघ्यापत्तुर खोचाया लागतं. आन ही तंबूतली पोरं समूर मोबाइल धरून हुबी. एक जन तर माझ्या सुनंला म्हनला, एकदा परत वढा ना बादली, नीट आलं न्हाई. तवापासनं ती जात न्हाई. मंग म्या बी न्हाई. मंग कुनीच न्हाई."

"भांडला नाहीत?"

"भांडायचं काय त्यात? वाईट न्हाईत पोरं. हसत्यात, राम राम घालत्यात. पर आमाला जड जातं. गड्यांना न्हाई सांगितलं. त्यांची डोकी फिरतील, आन आमचीच पोरं तंबूवर कामाला हायती."

"आणि दोन दिवस पाणी पुरतं?"

"पुरवायचं. अंगूळ सोमवारी. म्हशीला थोडं थोडं. सून बाळातीन व्हती तवा लय हाल झालं."

मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो आणि माझे कान तापले होते. विहीर रविवारी वर येत होती, कारण वाडीतली एकही बाई रविवारी पाणी काढत नव्हती. दोन दिवस त्या घरात पाणी मोजून वापरत होत्या आणि तेच पाणी मी विहिरीत मोजून त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले होते. आता त्या गुणांमुळे ते पटांगण आठवडाभर भरणार होतं. दोन दिवसांच्या जागी सात दिवस त्यांना विहीर बंद होणार होती, आणि ती बंद करायला मी सही आणून दिली होती.

निघताना बाईंनी मावशींना विचारलं, "हे मी वर सांगू का? कुणाचं नाव न घेता."

मावशींनी एक पिंप सरळ करून ठेवलं. मग म्हणाल्या, "सांगा. पर आमच्या पोरांच्या पोटावर पाय येऊ देऊ नगा."

रस्त्याला लागेपर्यंत बाई भराभर पुढे चालत होत्या. मला वाटलं होतं, आता आपली खैर नाही. शेवटी मीच म्हटलं, "बाई, टेप बरोबर होता."

"टेप बरोबरच होता. पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवर तू मला काय सांगितलं होतंस?"

मला आठवलं. रविवारी आमच्याकडचं कुणी येतच नाही. मी स्वतः त्यातला होतो. आमच्या घरात माझी आई रविवारी तळेगावच्या बाजारालासुद्धा सकाळी आठच्या आत जाऊन येते. हे सगळं माहीत असून, हातात टेप आला तेव्हा मी फक्त पाणी बघितलं. रस्त्यातच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ते बघितलं नाही असं दाखवलं आणि येणाऱ्या वडापच्या जीपला हात केला.

पुढचे दोन आठवडे आम्ही रोज वाडीत होतो. बाईंनी मावशींच्या सुनेला एक युक्ती सुचवली: विहिरीवरून हंडा आणला की भिंतीवर त्या वाराखाली कोळशानं एक रेघ. चार दिवसांत वाडीतल्या सगळ्या घरांच्या भिंतींवर रेघा उमटल्या. सोमवार ते गुरुवार रेघा, शुक्रवारी रेघांची दाटी, शनिवार-रविवार भिंत कोरी. शेजारी मी माझ्या टेपचे आकडे मांडले. भिंत कोरी त्या दिवशी पाणी वर, दोन्ही आठवडे तसंच.

बैठकीच्या आदल्या दिवशी संस्थेच्या साहेबांनी बाईंना समजावलं, की स्वीकारलेला अहवाल मागे घेतला तर संस्थेची नाचक्की होईल आणि पुढचं काम मिळणार नाही. बाई म्हणाल्या, "मला देऊ नका. आंबीकरला द्या."  मला ते त्या वेळी कळलं नाही, बरंच नंतर साहेबांकडूनच कळलं.

वडगावच्या त्या खोलीत लांबलचक टेबल होतं. एका बाजूला अधिकारी, एका बाजूला वाडीचे सरपंच. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. मंडळी खुशीत होती. बाई उठल्या आणि सरळ म्हणाल्या, "या अहवालात चूक आहे. तो मला परत द्या."

"चूक कुणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी. सही माझी आहे."

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी मान खाली घालून बसलो असतो. ती मोकळीक त्यांनी मला दिली, आणि म्हणूनच मला बसवेना. मी उभा राहिलो.  म्हटलं, "विहीर मी मोजली. बाईंनी मंगळवारी गेलास का विचारलं होतं, मी टाळलं. चूक माझी आहे." आणि मग रेघांच्या भिंतींचे फोटो टेबलावर मांडून सगळं सांगितलं. नाव कुणाचंच घेतलं नाही.

एक जण हसला. "म्हणजे विहीर भरलेली आहे, म्हणून वाईट?"

"हो," मी म्हटलं.

सरपंच भाऊ तापले. "बाई, आमच्या पोरास्नी काम मिळतंय, त्ये का मोडताय? पान्याची तक्रार आमच्याकडं कुनीच केल्याली न्हाई. मी सरपंच हाय, मला म्हाईत नसतं का?"

बाईंचा आवाज अजिबात चढला नाही. "काम मोडू नका, भाऊ. वाहनतळ रस्त्याच्या वरच्या अंगाला घ्या, तंबूंची वाट तिकडून काढा, कामं तीच राहतील. मला फक्त एक सांगा. तुमच्या घरी शुक्रवारी पाणी कोण भरतं?"

"मंडळी भरती की."

"आणि रविवारी?"

  भाऊ खुर्ची मागे सारून उठले, खिशातून मोबाइल काढला आणि बाहेर व्हरांड्यात गेले. काचेतून दिसत होतं. आधी ते हातवारे करत बोलत होते. मग हात थांबला. मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते, भिंतीकडे तोंड करून.

परत आले, बसले. फोटो पुढे ओढून त्यांनी एकेक भिंत बघितली. त्यांच्या घराचीही भिंत त्यात होती. "वरल्या अंगाला घ्या," म्हणाले. "हिरीपाशी नगं." बायकोनं काय सांगितलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

सुधारलेल्या अहवालावर बाईंनी माझं नाव आधी घातलं, आपलं नंतर. चूक ज्याच्या नावावर, सुधारणाही त्याच्याच नावावर असावी, एवढंच त्यांनी कारण दिलं. त्यानंतर संस्थेनं त्यांना काम दिलं नाही. डोळ्यांना विश्रांती मिळाली, म्हणाल्या, आणि पुढे साताऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. माझी नोकरी राहिली. आज मी पोट भरतो ते याच कामावर, आणि कुठंही मंगळवारी आधी जातो. चूक लपवायची सगळी सोय असताना ती भर बैठकीत बोलून दाखवता येते आणि त्यानंतरही माणूस ताठ चालू शकतो, हे मला त्या एका सकाळी शिकवलं गेलं. कॉलेजात पाच वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बाईंचे माझ्यावर उपकार आहेत, असं मी सरळ म्हणतो. त्यांच्यासमोर म्हटलं असतं तर त्यांनी मला म्हशी मोजायला पाठवलं असतं.

पुढच्या वर्षी एप्रिलमधल्या एका रविवारी मी वाडीत गेलो. गाड्या रस्त्याच्या वरच्या अंगाला होत्या. तंबूंकडे जायची वाट तिकडूनच वळवली होती आणि पटांगण मोकळं होतं. मी विहिरीत टेप सोडला. शुक्रवारी मोजून गेलो होतो त्यापेक्षा पाणी खाली गेलेलं, चांगलं हातभर खाली. मी तिथूनच बाईंना फोन लावला.

"बाई, विहीर खाली गेलीय!"

 त्यांनी विचारलं, "कोण कोण आहे विहिरीवर?"

"मावशी आहेत, त्यांची सून आहे, सरपंचांची मंडळी आहे. आणखी सहा-सात जणी आहेत, मागं उभ्या."

"मग तू काठावर काय उभा आहेस?" बाई म्हणाल्या. "बाजूला हो. त्यांना पाणी भरू दे."